वाडीतल्या मंडळीत आपलं कृपादान कसं वापरायचं: नव्यांसाठी मार्गदर्शन

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत. एका वाडीत दोन, पलीकडच्या बंदरावर पाच, तालुक्याच्या गावी थोडी जास्त. एकाच पाळकाकडे दोन-तीन ठिकाणच्या मंडळ्या असल्या की पाळकसाहेब एका जागी महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारीच पोहोचतात. मधले सगळे दिवस मंडळी उभी राहते ती तिथल्याच माणसांवर. कोणी आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसतं, कोणी गाण्यासाठी पेटी (हार्मोनियम) उघडतं, कोणी मुलांना वचन पाठ करून घेतं. हा लेख नुकताच बाप्तिस्मा किंवा दृढीकरण झालेल्यांसाठी आहे, तसाच लग्नाने किंवा बदलीने नव्या मंडळीत आलेल्यांसाठीही आहे. देवाने आपल्याला काय दिलंय, म्हणजे आपलं कृपादान कोणतं, ते ओळखून त्याने दुसऱ्याचा विश्वास बळकट कसा करायचा आणि हात कुठे आवरता घ्यायचा, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा प्रेषित पौल तिथे एकदाही गेला नव्हता. पहिल्या अध्यायाच्या अकराव्या वचनात तो म्हणतो, तुम्हांला एखादं आध्यात्मिक कृपादान द्यावं आणि तुम्ही स्थिर व्हावं म्हणून भेटीची ओढ लागली आहे. पण बाराव्या वचनात तो लगेच पुढे सांगतो की तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हांला, असा दोघांनाही धीर मिळावा. म्हणजे प्रेषितालासुद्धा अनोळखी, साध्या विश्वासणाऱ्यांकडून काही घ्यायचं होतं. तेव्हा ‘मी नवीन आहे, मी काय देणार’ म्हणून मागच्या बाकावर वर्षं काढू नका. आणि जुन्यांनीही नव्या माणसाला फक्त ऐकायला बसवू नये.

आधी चार उतारे वाचा

रोमकरांस पत्र १२:६-८, करिंथकरांस पहिलं पत्र १२:४-११ आणि २८, इफिसकरांस पत्र ४:११-१२, पेत्राचं पहिलं पत्र ४:१०-११. हे चार उतारे एका आठवड्यात, रोज एक, मोठ्याने वाचून काढा. रोमच्या यादीत सात कृपादानं आहेत: संदेश (देवाकडून आलेला शब्द सांगणं), सेवा, शिक्षण, बोध, दान, पुढारीपण, दया. करिंथच्या यादीत आठ ते दहा या वचनांत नऊ आहेत आणि त्यांत निरोगी करण्याचं, न शिकलेल्या भाषा बोलण्याचं, आत्मे ओळखण्याचं दान येतं. पेत्र तर दोनच गटांत सगळं बसवतो, बोलणारे आणि सेवा करणारे. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्यावरून एवढंच समजायचं की देवाची दानं या यादीत संपत नाहीत, आणि कुठल्याही एका यादीत आपलं नाव सापडलं नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

वाचताना पेन्सिलीने एका गोष्टीवर खूण करा: प्रत्येक ठिकाणी हे दान कोणासाठी दिलं आहे? चारही उताऱ्यांत उत्तर एकच मिळतं, दुसऱ्यांसाठी. करिंथच्या पत्रात बाराव्या आणि चौदाव्या अध्यायाच्या मध्ये तेरावा, प्रीतीचा अध्याय येतो तो याचसाठी. तो फक्त लग्नात वाचण्यासाठी लिहिलेला नाही. कृपादानांवरून भांडणाऱ्या मंडळीला तो लिहिला आहे.

भाषा, संदेश, चमत्कार यांबाबत सगळ्या मंडळ्यांचं मत सारखं नाही. काही मंडळ्या मानतात की ही दानं प्रेषितांच्या काळापुरती होती, काही ती आजही मागतात. सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत (२००५ पासून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत आहे) अशा प्रार्थना गटांना फादरांची संमती लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) १९६४ साली हेच म्हटलं होतं की दानं कुठल्याही विश्वासूला मिळतात, पण ती खरी आहेत का हे ठरवण्याची जबाबदारी पुढाऱ्यांची आहे. ज्या मंडळीत बसता तिची शिकवण आधी विचारून घ्या. शेजारच्या गावातल्या मंडळीत पाहिलेलं तसंच्या तसं आपल्याकडे आणायला गेलं की पहिल्याच महिन्यात फाटतं.

ओळखायचं कसं

कागदी प्रश्नावली भरून दान कळत नाही. हाताला काम लावल्यावर कळतं. तीन महिने ठरवून तीन वेगवेगळी कामं करून पाहा: एक बोलण्याचं (वचन वाचणं, लहान मुलांचा वर्ग), एक हाताचं (सभेआधी चटया घालणं, म्हाताऱ्या माणसाला धरून आणणं) आणि एक ऐकण्याचं (भेटीला जाणं). दर महिन्याच्या शेवटी वहीत दोन ओळी लिहा: कोणाला उपयोग झाला, आणि कोणी आभार मानले नाहीत तरी ते काम पुन्हा करावंसं वाटलं का.

मग तीन माणसांना विचारा. एक वयाने मोठं, एक तुमच्या बरोबरीचं, आणि एक ज्याच्यासाठी तुम्ही खरंच काही केलं आहे असं. प्रश्न सोपा ठेवा: ‘काकी, मी आले की तुम्हांला कशाने बरं वाटतं?’ ‘माझ्यात कुठलं कृपादान आहे?’ असं विचारलं तर समोरचं माणूस भिडेपोटी मोठं काहीतरी सांगून मोकळं होतं. उत्तरं बहुतेक वेळा साधी येतात: ‘तू घाई करत नाहीस’, ‘तू सांगितलेलं वचन नंतर आठवतं’, ‘तुझ्याकडे पैसे मागायला लाज वाटत नाही’. यांतलं पहिलं दयेचं लक्षण आहे, दुसरं शिक्षणाचं, तिसरं दानाचं. तिघांची उत्तरं एका दिशेची आली तर तिकडे पाऊल टाका.

इथे एक चूक फार होते. आवाज चांगला, बोलणं ठसठशीत, अशा माणसाला लगेच पुढे बसवलं जातं आणि गप्प माणसाला दान नाही असं गृहीत धरलं जातं. यरुशलेमहून अंत्युखियाला पाठवलेला बर्णबा (प्रेषितांची कृत्ये ११:२२-२५) तिथे काय करतो पाहा. देवाची कृपा पाहून तो आनंदित होतो, सगळ्यांना टिकून राहायला सांगतो आणि मग शौलाला, म्हणजेच पौलाला, शोधायला तार्सला जातो. दुसऱ्याला पुढे आणणं हेच त्याचं मोठं काम होतं.

एका माणसापासून सुरुवात

दिशा कळल्यावरचा पहिला महिना मंडळीसमोर काहीच करू नका. एक घर धरा. समजा, वाडीत एक आजी एकटी राहते, मुलगे मुंबईला, गुडघे दुखतात म्हणून रविवारी येणं होत नाही. तिच्याकडे जायचं ते असं:

जाण्याआधी निरोप द्या. न सांगता गेलं तर ती घर आवरण्यात आणि चहात अडकते. दोघं मिळून जा. प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं (लूक १०:१), आणि लहान गावात एकट्या बाईच्या किंवा एकट्या पुरुषाच्या घरी एकट्याने जाणं दोघांच्याही नावाला धोक्याचं असतं. पंचवीस-तीस मिनिटं पुरे. पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐका, मोबाइल पिशवीत. मग एकच उतारा, जास्तीत जास्त आठ-दहा वचनं, सावकाश वाचा. त्यावर एक वाक्य बोला, दोन नाही. मग विचारा, ‘आजी, कशासाठी प्रार्थना करू?’ आणि ती जे सांगेल तेवढ्यासाठीच प्रार्थना करा. शेवटी तिलाही प्रार्थना करायला सांगा, तुमच्यासाठी. ती म्हणेल, मला पुस्तकातलं नीट बोलता येत नाही. मालवणीत करू दे. ‘देवा, माझ्या झिलाक (मुलाला) सांभाळ’ एवढी प्रार्थना पुरेशी आहे. इथेच रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं बारावं वचन प्रत्यक्षात येतं. द्यायला गेलेलं माणूस घेऊन परततं.

उतारा निवडताना संदर्भ बघा. बिघडतं ते बहुतेक इथेच. यिर्मया २९:११ हे वचन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतं, म्हणून नोकरी गेलेल्याला, परीक्षेत नापास झालेल्याला, सगळ्यांना तेच सांगितलं जातं: देवाकडे तुझ्यासाठी चांगली योजना आहे. त्याच्या वरचं, दहावं वचन वाचा. ते सत्तर वर्षं बाबेलच्या बंदिवासात राहायचं आहे हे सांगून मग दिलेलं आश्वासन आहे, आणि पाचव्या वचनात तोवर तिथे घरं बांधा, बागा लावा असं सांगितलं आहे. हे सगळं सांगितलं तर ते वचन दुप्पट उपयोगी पडतं. पुढच्या महिन्यात सगळं ठीक होईल असं त्यातून सुचवलं, आणि पुढच्या महिन्यात झालं नाही, तर त्या माणसाचा तुमच्यावरचा नव्हे, देवावरचा विश्वास हलतो.

दुःखाच्या घरी रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून हिताच्या होतात) घेऊन धावत जाऊ नका. वचन खरं आहे, वेळ चुकते. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तोंड उघडल्यावर त्यांचं बिघडलं. अशा घरी तेरावं स्तोत्र वाचा, त्यात ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. रडणाऱ्या माणसाला कळतं की असा प्रश्न देवाला विचारता येतो. दफनविधीनंतरचा आठवडा घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा तुमची फार गरज नसते. तीन आठवड्यांनी, सगळे मुंबईला परतल्यावर, पिठाचा डबा संपलाय आणि पेन्शनचे कागद भरायचेत अशा वेळी जा. बोधाचं दान आणि सेवेचं दान इथे एकाच फेरीत लागतं.

घरातली सभा

दहा-बारा माणसांच्या सभेला दीड तास भरपूर होतो. करिंथकरांस पहिलं पत्र १४:२६ हा तिचा नकाशा आहे: कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिक्षण, कोणाकडे आणखी काही, आणि सगळं उन्नतीसाठी. वेळ अशी वाटली तर जमतं: गायन पंधरा-वीस मिनिटं, वाचन दहा, बोध पंधरा, साक्षी वीस, प्रार्थना वीस, उरलेल्या वेळात चहा. प्रत्येक भाग वेगळ्या माणसाकडे द्या आणि आदल्या रविवारीच नावं सांगा. आयत्या वेळी ‘कोण बोलेल?’ विचारलं की नेहमीचेच दोघं बोलतात आणि बाकीचे वर्षभर ऐकत राहतात.

सभेचा वार आणि वेळ कामाकडे बघून ठरवा. हर्णैसारख्या बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव असतो, त्या वेळी सभा ठेवली तर मासेवाल्या बायका कधीच येणार नाहीत, आणि मग त्या विश्वासात थंड पडल्या असं म्हणणं अन्याय आहे. जूनअखेर ते जुलै लावणीचे दिवस. कंबर मोडून आलेल्या माणसांना चाळीस मिनिटांची सभा द्या, दीड तासाची नको. आंब्याच्या दिवसांत काढणी आणि पेट्या भरणं रात्रीपर्यंत चालतं, तेव्हा पहाटेची प्रार्थना जास्त जमते. पावसाळ्यात पत्र्याच्या घरी बसत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सर जोरात आली की पत्र्याच्या आवाजात तीन हातांवरचं ऐकू येत नाही. गोल करून गुडघ्याला गुडघा लावून बसा, वचन दोनदा वाचा, आणि आवाज अगदीच चढला तर बोध थांबवून गाणं घ्या. दिवे जातात हे गृहीत धरून चार्जिंगचा दिवा आणि मोठ्या अक्षराचं एक बायबल नेहमी एका पिशवीत असू दे. मोबाइलमधलं बायबल ऐन वेळी बॅटरीसकट संपतं.

गायनाचं दान असलेल्यांनी मंडळीकडे कान ठेवायला हवा. स्वतःचा आवाज चढा असला तरी पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या, नाहीतर दुसऱ्या कडव्याला फक्त तुम्हीच गात असता. महिन्याला एकच नवं गीत, तेही चार रविवार सलग. जुन्या भजनांना कंटाळू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मातीतले, १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी प्रभूची स्तुती अभंग-भजनांतून केली. टाळ आणि पेटीवर वाढलेल्या कोकणी माणसाला ती चाल शिकवावी लागत नाही. म्हाताऱ्या माणसाचं बायबल वाचणं दृष्टीमुळे सुटतं, पण भजनातली ओळ शेवटपर्यंत तोंडात राहते. म्हणून गायनाला वेळ भरण्याचं काम समजू नका.

बोध करणाऱ्याने एकच उतारा धरावा आणि तो आठवडाभरात चार-पाच वेळा मोठ्याने वाचावा. कोण बोलतंय, कोणाला, का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत आली की अर्धी तयारी झाली. मग एक मुद्दा, आणि या आठवड्यात करता येण्याजोगी एक गोष्ट. सभेतल्या एखाद्या माणसाची चूक मनात धरून उतारा निवडू नका. दहा माणसांत ते कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळतं, तो माणूस उठून जातो आणि परत येत नाही.

साक्ष तीन मिनिटांची असावी. काय चाललं होतं, देवाने काय केलं, आणि आज अजून काय बाकी आहे. हा तिसरा भाग बहुतेक जण गाळतात. दारू सुटली पण कर्ज अजून आहे, असं प्रामाणिकपणे सांगितलं की तसंच कर्ज डोक्यावर असलेल्या दुसऱ्याला आधार मिळतो. नवऱ्याचे, सासूचे, भावाचे दोष साक्षीत सांगायचे नाहीत. तसंच प्रार्थनेच्या विनंत्यांचं. सभेत ऐकलेली गोष्ट त्या माणसाची परवानगी घेतल्याशिवाय व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायची नाही, ‘प्रार्थनेसाठी’ म्हणूनही नाही. वाडी लहान असते, संध्याकाळपर्यंत गोष्ट तिठ्यावर पोहोचते, आणि पुढच्या वेळी कोणीच मन मोकळं करत नाही. मंडळी आतून पोकळ होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे असं आम्हांला वाटतं, खोट्या शिकवणीपेक्षाही मोठं.

संदेश आणि भाषा

तुमच्या मंडळीत हे चालत असेल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय नियमासारखा पाळा. संदेशाचं काम तिसऱ्या वचनात ठरवून दिलं आहे: उन्नती, उत्तेजन, सांत्वन. दोघा-तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारखावं (वचन २९). भाषा बोलणारे दोघं किंवा फार तर तिघं, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं (वचनं २७-२८).

एखाद्यासाठी मनात काही स्पष्टपणे आलं तर आधी लिहून ठेवा. एक दिवस जाऊ द्या. शास्त्राशी जुळतं का बघा. मग पाळक किंवा मंडळीच्या वडिलांपैकी (जबाबदार ज्येष्ठांपैकी) एकाला दाखवा, आणि त्यांनी होकार दिला तरच त्या माणसाला सांगा. सांगतानाही ‘प्रभू तुला म्हणतो’ असं म्हणू नका. ‘प्रार्थना करताना मला असं वाटलं, तू पारखून बघ’ असं म्हणा. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ५:१९-२१ दोन्ही बाजू सांगतं: आत्म्याला विझवू नका, संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा. लग्न कोणाशी करावं, मूल कधी होईल, नोकरी सोडावी का, अमुक माणूस बरा होईल की जाईल, या चार विषयांवर नव्या माणसाने संदेश देऊच नये. यांतला एक चुकीचा शब्द एखाद्या मुलीचं आयुष्य फिरवतो, आणि बोलणारा त्याची भरपाई करू शकत नाही.

आजाऱ्यासाठी प्रार्थना

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात (वचनं १४-१६) रीत दिली आहे. आजाऱ्याने स्वतः मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, एकमेकांजवळ पापं कबूल करावीत. म्हणजे बोलावणं आजाऱ्याकडून यावं लागतं, आणि काम एकट्याचं नाही. खोबरेल तेल चालतं, कपाळाला बोटभर पुरे. हात ठेवण्याआधी विचारा. बाईवर बाईनेच हात ठेवावा. आवाज साधा ठेवा. देव बहिरा नाही आणि आजाऱ्याचं डोकं दुखत असतं.

औषध बंद करायला कधीही, कोणत्याही शब्दांत सांगायचं नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, मनोविकाराच्या गोळ्या ‘विश्वासाने’ सोडून माणसं दगावतात. प्रार्थनेनंतर बरं वाटलं तरी गोळी डॉक्टर बदलतील. आणि बरं वाटलं नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे एका न हटणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि काटा राहिला (करिंथकरांस दुसरं पत्र १२:७-९). आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेतात आजारी सोडून आला (तीमथ्याला दुसरं पत्र ४:२०).

कोकणात साप आणि लाल विंचू यांचा प्रश्न खरा आहे. चावल्याचं कळलं की पहिली हाक १०८ ला किंवा वाडीतल्या गाडीला. चावलेला भाग हलवू द्यायचा नाही, आवळून दोरी बांधायची नाही, जखम कापायची नाही, थेट उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात. प्रार्थना गाडीत करा, वाटभर करा, पण प्रार्थनेसाठी गाडी थांबवू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. ख्रिस्ती माणसाने तर कायद्याची वाटही बघू नये. शेजाऱ्याचा जीव वाचवणं हीच तिथली दया.

दान, पाहुणचार आणि वही

ही दानं कमी दर्जाची मानली जातात. रोमकरांस पत्राने त्यांना संदेशाच्याच रांगेत बसवलं आहे.

१ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडीवर खलाशी म्हणून जाणाऱ्यांच्या घरी या दोन महिन्यांत पैसा नसतो, आणि शाळेची फी, वह्या, रेनकोट सगळं त्याच वेळी येतं. दानाचं कृपादान असलेल्याने मे महिन्यातच तयारी ठेवावी. तांदूळ, डाळ, तेल दिलेलं रोख पैशांपेक्षा सुटसुटीत, घेणाऱ्यालाही कमी बोचतं. देताना गाजावाजा न करता, दुपारच्या शांत वेळी, मुलांसमोर नाही. मंडळीच्या दानपेटीतून द्यायचं असेल तर पैसे दोघांनी मोजायचे, वहीत रक्कम आणि तारीख लिहायची, सह्या दोन. नाव मात्र उघड्या वहीत नको, ते पाळकांकडे. उसने म्हणून देऊ नका. परत करता आले नाहीत की माणूस लाजेने सभा टाळू लागतो; मग पैसेही जातात आणि माणूसही जातो.

पाहुणचारासाठी एक नियम सगळ्यांनी मिळून करा: सभेनंतर फक्त चहा आणि एक साधा पदार्थ, खारी नाहीतर बटर. एका घरी पोहे-शिरा झाला की पुढचं घर घावने-चिकन करतं, आणि तिसरं घर, ज्याला परवडत नाही, ‘आमच्याकडे नको’ म्हणतं. ज्या घराला सभेची सगळ्यात जास्त गरज असते तेच अशाने गळतं. दुधाची सोय नसेल तर कोरा चहा, त्यात कमीपणा नाही.

पुढारीपणाचं दान असलेल्याने एक शंभर पानी वही घालावी. कोण आलं, कोणाकडे तीन आठवडे भेट नाही, कोणासाठी प्रार्थना केली, पुढच्या वेळी कोण काय करणार. वही हजेरीसाठी धमकी म्हणून दाखवायची नाही. तिसऱ्या आठवड्याची रिकामी जागा दिसली की कोणीतरी त्या घरी जावं, एवढ्यासाठीच ती आहे.

चाकरमानी येतात तेव्हा

मे महिन्यात आणि नाताळात मुंबईहून माणसं येतात. त्यांच्यात चांगले शिक्षक, गाणारे, तरुणांत काम केलेले असतात. आठ दिवस वाडी भरून जाते, माइक लागतो, रोज सभा, आणि ते गेल्यावर जानेवारीत गावातल्या माणसांना आपली साधी सभा फिकी वाटायला लागते. यात दोष कोणा एकाचा नाही, पण नुकसान दरवर्षी होतं.

मुंबईकरांनी इफिसकरांस ४:१२ डोळ्यांसमोर ठेवावं. शिक्षक आहेत ते पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. सुट्टीत पाच बोध स्वतः करण्याऐवजी दोन करा आणि उरलेल्या वेळात गावातल्या दोघांना बसवून बोधाची तयारी शिकवा. पेटी वाजवता येत असेल तर एका मुलीला तीन भजनांची बोटं दाखवून जा. गावातल्यांनीही पाहुण्यांपुढे मागे सरायचं नाही. वाचन, प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी आपल्याच हाती ठेवा आणि भेटीला जाताना त्यांना सोबत न्या. वाडीतलं दुःख त्यांना घराच्या ओटीवर बसून दिसत नाही.

थकवा आणि हेवा

चांगलं काम करणाऱ्यावर लहान मंडळीत सगळंच येऊन पडतं. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, सांगितलं तेच लागू: तू आणि लोक दोघंही झिजून जाल, काम वाटून दे. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त जबाबदाऱ्या नकोत, आणि वर्षातून एक महिना पूर्ण मोकळा. हेव्यावर उपाय थोडा कडू आहे. ज्याच्या दानाचा हेवा वाटतो त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा आणि त्याच्याच कामात हाताखाली काम मागा.

काम सोपवताना

नोकरी, लग्न, शिक्षण यांसाठी कोकणातून माणूस बाहेर जातोच. जाण्याच्या दोन महिने आधी एकाला सोबत घ्या. पहिले दोन आठवडे त्याने बघायचं, पुढचे दोन त्याने अर्धं करायचं, मग त्याने पूर्ण करायचं आणि तुम्ही मागे बसायचं, मध्ये न बोलता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) पौल याच साखळीबद्दल बोलतो: त्याच्याकडून तीमथ्याला, तीमथ्याकडून विश्वासू माणसांना, त्यांच्याकडून इतरांना. भेटींची घरं नव्या माणसाला स्वतः नेऊन दाखवा, नुसती नावं देऊ नका. आजीला नवा चेहरा तुमच्या तोंडून ओळखीचा झाला की ती दार उघडते. वही आणि वाजवायची पेटी कोणाकडे दिली ते सभेत सर्वांसमोर सांगा. पेटी पावसाळ्यात भिंतीला टेकून जमिनीवर ठेवू नका, ओल लागली की पट्ट्या फुगून अडकतात आणि सूर गंजतात. फळीवर, कापडात गुंडाळून ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा.